पिंपाच्या तळाचा जोंधळा

शाहूपुरी, कोल्हापूर
डिसेंबर १९९८, गुरुवार दुपार

प्रिय दानेश्वरी,

तेजस्वीला कुशीत घेऊन तू आतल्या खोलीत निजली आहेस आणि मी स्वयंपाकघरात बसून तुला पत्र लिहिते आहे. एकाच घरात राहून पत्र कसलं, असं तुला वाटेल. पण तुझी नणंद कशी आहे ते तुला माहीत आहे. लहानपणापासून मी मिठाची गुळणी धरून बसणारी. कालपासून बोलायचं म्हणून कितीदा तरी तुझ्यासमोर येऊन बसले आणि दर वेळी चहा टाकू का, एवढंच विचारून उठले. शेवटी तू म्हणालीस, "आक्का, किती च्या पाजतीस? मी काय पावणी हाय व्हय?" मी हसले आणि कपबशी उचलून आत गेले.

सगळ्यात आधी एक सांगते. उद्या सकाळच्या गडहिंग्लज गाडीनं जायचं म्हणून तू पिशवी भरून ठेवली आहेस. जाऊ नकोस. त्या घरातला जोंधळा खाऊ नकोस आणि पोरीला खाऊ देऊ नकोस. का, ते मी सांगणारच आहे, पण सांगायची मला फार भीती वाटते. न सांगावं तर तू परत जाशील. सांगावं तर ऐकून तू स्वतःचं काय करून घेशील, ही भीती. गेले काही दिवस जेवताना, शिकवताना, रस्ता ओलांडताना माझ्या डोक्यात हेच चालू आहे. आता सांगते, आणि क्रमानं सांगते. मध्येच वाचायचं थांबवू नकोस.

तेजस्वी फिकी दिसते, कोल्हापूरच्या डॉक्टरांना दाखवू, असं म्हणून मी तुम्हाला घेऊन आले, ते खरं नव्हतं. पोरीबरोबर तुझंही रक्त काढून घेतलं, तेव्हा तू म्हणालीस, "माझं कशाला? मला काय धाड भरलीय?" मी काहीतरी थाप मारली. आज सकाळी रिपोर्ट मिळाले. तेजस्वीचं रक्त चांगलं आहे. तिला काहीही झालेलं नाही. हे वाक्य पुन्हा एकदा वाच. तुझं मात्र चांगलं नाही. डॉक्टरांनी कागद बघून मला विचारलं, "ह्या बाई चालत आल्या होत्या?" मी म्हटलं, पोरीला काखेत घेऊन जिना चढून आली, शिवाय रिक्षावाल्याशी भांडली. ते हसले नाहीत. म्हणाले, अजून थोडे दिवस असंच चाललं असतं तर सांगता येत नाही. भरून येईल, महिना-दोन महिने लागतील, पण जे पोटात जातंय ते आजपासून बंद झालं पाहिजे. आणि त्रास वाढला तर वेळ न बघता घेऊन या म्हणाले.

तुझ्या पोटात काय जात होतं ते मला माझ्या तारेनं सांगितलं. लग्न होऊन आलीस तेव्हापासून तू मला विचारतेस, आक्का, तू तिथं युनिव्हर्सिटीत नक्की करतीस काय, आणि मी केमिस्ट्री म्हणून मोकळी होते. आज नीट सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. माझ्याकडे प्लॅटिनमची तार असते, केसाहून बारीक. तिच्या टोकावर दोन एन्झाइमचा पातळ थर बसवायचा. विरजण दुधाचं दही करतं ना, तसं एन्झाइम एका पदार्थाचा दुसरा पदार्थ करतं, फक्त फार झटपट. आपल्या नसेला स्नायूला सांगायचं असतं की आवळ, तेव्हा ती आपल्या टोकातून एक रसायन सोडते. त्याचं नाव ॲसिटिलकोलीन. निरोप पोचला की ते लगेच मोडून टाकावं लागतं. नाही मोडलं तर स्नायू थरथरत राहतो, लाळ थांबत नाही, घाम थांबत नाही, छाती भरून येते. मोडायचं काम शरीरातलं एक एन्झाइम करतं. तेच मी तारेच्या टोकावर बसवते. ते ॲसिटिलकोलीन मोडतं, दुसरं एन्झाइम त्या तुकड्यापासून थोडं पेरॉक्साइड बनवतं, ते प्लॅटिनमला कळतं आणि तारेतून किंचित वीज वाहते. यंत्राला पेन जोडलेलं असतं, ते सरकत्या कागदावर रेघ काढतं. रसायन असलं की रेघ वर चढते. पुढेमागे अशी तार मेंदूत घालून तिथे चाललेले निरोप मोजता यावेत, ह्यासाठी आमची सगळी खटपट.

माझ्या भावाला, तुझ्या रुद्रेशला, हे सांगितलं होतं तेव्हा तो शेतीऔषधांच्या दुकानात गल्ल्यावर बसून पोट धरून हसला होता. "आक्का, एक तार मला पन दे की. गिऱ्हाइकाच्या डोस्क्यात घालतो. माल घेनार हाय का नुसताच बसून गप्पा हाननार, ते तरी कळंल!" आत्ती बाबांची बहीण असल्या तरी घरात त्यांचं सासूसारखं चालतं; त्यांना वेगळंच लागलं. ते एन्झाइम एका माशापासून काढतात, हे मी बोलून गेले होते. "लिंगायताची पोरगी, गळ्यात लिंग, आनि हातात मासं!" म्हणून त्यांनी त्या दिवशी माझं ताट लांब मांडलं. तू मुकाट्यानं तुझं ताट माझ्या शेजारी आणून ठेवलंस. ते मला आवडलं होतं, हे आज सांगते.

रुद्रेशला मी आणखी एक सांगितलं होतं. तुझ्या दुकानातली ती पांढुरकी पावडर किड्याला कशी मारते माहीत आहे का, म्हटलं. ती ह्याच एन्झाइमवर बसते आणि त्याला कायमचं बंद पाडते. किड्यातही तेच आणि माणसातही तेच. म्हणून सुट्टी पावडर देताना हातमोजे घालत जा. तो म्हणाला, "म्हंजे तू जे बर्फात ठिवून जपतीस, त्येच मी मारतो. आपला धंदा एकच की आक्का!" हातमोजे मी इथून नेऊन दिले. चार दिवस घातले आणि खिळ्याला टांगले. "हातमोजं घालून बसलो की लोकं इचारत्यात, डाक्टर, सुई कुठं टोचताय?" असा तो. त्याच्यावर रागावता येत नसे.

आता श्रावणातला तो सोमवार. तुला तो माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तरी मी लिहिते, कारण कशानंतर काय झालं ते ओळीनं मांडल्याशिवाय पुढचं पटणार नाही. आदल्या दिवशी तुमचं पंचमीवरून वाजलं होतं. तुला माहेरी निपाणीला जायचं होतं आणि मालाची गाडी यायची म्हणून तो नको म्हणाला. तू म्हणालीस, "बसा मग त्या औषधाच्या डब्यांसंगं संसार करत." नवरा-बायकोत ह्याहून मोठी भांडणं रोज होतात. पण शेजारच्या शालूबाईंनी ते ऐकलं आणि पुढे पंचनाम्यात सांगितलं. सोमवारी तुझा आणि आत्तींचा उपास. रुद्रेशला उपास कधीच झेपला नाही. सकाळी त्यानं गाडी उतरवून घेतली. दुपारी तू त्याच्या एकट्यापुरत्या भाकरी थापल्यास. तो जेवला आणि दुकानात जाऊन बसला. थोड्या वेळानं दुकानात त्याच्या जोडीला असणारा बाळासो आत आला तर हा खुर्चीवरून घसरलेला, अंग घामानं निथळत होतं आणि तोंडातून फेस येत होता. दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पापणी उचलून बाहुली बघितली, टाचणीच्या टोकाएवढी झाली होती. कपड्यांना पावडरीचा वास. धंदा काय, विचारलं. बाळासोनं सांगितलं. त्यानंतर कुणाला काही विचारायचं उरलंच नाही. आपल्याकडे अमक्यानं औषध घेतलं एवढं म्हटलं की लोकांना सगळं कळतं. फक्त कारण शोधायचं राहतं, आणि ते शालूबाईंनी आयतंच दिलं होतं.

मी कोल्हापूरहून पोचले तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. आत्ती दारात बसून तुला म्हणत होत्या, "उपास बरा घावला गं तुला. त्यो जेवला आनि गेला, तू कोरडी ऱ्हायलीस." तू भिंतीकडे तोंड करून बसली होतीस आणि कानडीत एकच वाक्य पुटपुटत होतीस. नंदे तप्पु, नंदे तप्पु. माझीच चूक. आपल्यात सुतक मानत नाहीत, तरी आत्तींनी घरात शिजलेलं, दळलेलं सगळं उकिरड्यावर टाकायला लावलं. डब्यातलं पीठही गेलं. त्यामुळे पुढे कुणालाच काही कळायचा मार्ग राहिला नाही. पण कुणाच्या पोटातही गेलं नाही, असं आता वाटतं.

दिवाळी अंधारात गेली. त्यानंतरच्या आठवड्यात मी आले होते. तू नेहमीसारखी भाकरी आणि दोडक्याची भाजी केलीस. मला घरची भाकरी मिळत नाही म्हणून मी पोटभर जेवले. भांडी घासताना तू एकदम भिंतीला धरून उभी राहिलीस. तोंडाला पाणी सुटतंय, डोळ्यांपुढं धुकं येतंय, पोटात पिळतंय, म्हणालीस. आत्ती म्हणाल्या, "न्हवरा गेला की बायकांचं असंच हुतंय." मलाही तसंच वाटलं. निघताना तू जबरदस्तीनं पिशवीत जोंधळा घातलास. "तिथं इकतचा खातीस, घरचा ने की." तवंदी घाटात मला मळमळायला लागलं. घाटात मला नेहमीच मळमळतं, म्हणून लक्ष दिलं नाही. खोलीवर आले तर लाइट गेलेली. अंधारून आलं होतं. तोंड धुऊन खिडकीजवळच्या आरशात पाहिलं. अंधारात बाहुली मोठी व्हायला पाहिजे. माझ्या दोन्ही बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होत्या.

अशी बाहुली कशानं होते ते मला ठाऊक होतं. तेच शिकून तर मी पोट भरते. आधी वाटलं, आपल्याला भास होतोय, भावाचं डोक्यात बसलंय. दोन दिवसांनी बाहुल्या नेहमीसारख्या झाल्या, मळमळही थांबली. तरी पिशवीतल्या जोंधळ्याला हात लावायचं माझं धाडस होईना. महिनाभर पिशवी तशीच पडून राहिली, मग गेल्या आठवड्यात एक मूठ डबीत भरून लॅबमध्ये नेला. कुणाला काही सांगितलं नाही. तार आधी ॲसिटिलकोलीनच्या द्रावणात बुडवली. रेघ वर चढली. मग जोंधळा पाण्यात खळखळून घेतला, ते पाणी गाळून तार थोडा वेळ त्यात ठेवली, धुतली आणि परत पहिल्या द्रावणात बुडवली. रेघ उठली नाही. कागद सरकत राहिला आणि पेन आडवंच चालत राहिलं.

आमच्याकडे लाइट गेली की फ्रीजमधलं एन्झाइम बिघडतं. मला वाटलं तसंच झालं असेल. खरं म्हणजे तसंच झालेलं असावं अशी माझी इच्छा होती. नवी तार केली. लक्ष्मीपुरीतल्या दुकानातून जोंधळा आणला, त्याच्या पाण्यात बुडवली. रेघ व्यवस्थित चढली. घरच्या जोंधळ्यात बुडवली, पुन्हा आडवी. मग दुसरं एन्झाइम तपासलं, ते जिवंत होतं. पहिलंच तेवढं मेलेलं. म्हणजे बिघाड माझ्या कामात नव्हता. जोंधळ्यात असं काहीतरी होतं जे बरोबर त्या एकाच एन्झाइमला मारतं. इतकी वर्षं तार बरोबर निघावी म्हणून मी धडपडले. त्या दिवशी ती चुकावी म्हणून गळ्यातलं लिंग मुठीत धरून बसले होते. मग आणखी एक लक्षात आलं, आणि त्यानं मला जास्त घाबरवलं. पिशवीतला वरचा जोंधळा घेतला तर रेघ थोडी तरी उठायची. तळाचा घेतला तर मुळीच नाही.

मी दुकानात फोन लावला. बाळासोला विचारलं, यंदा जोंधळ्याची पिंपं भरताना काय घातलं होतं. तो त्याच्या नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाला, "घातली की पावडर! म्या आनि रुद्रेशनंच भरली पिंपं. राख चाळत कोन बसतंय? आपल्या दुकानात एवढी पावडर पडलीया. किडा म्हनून घावला न्हाय बग!" मी विचारलं, दानेश्वरीला माहीत आहे का. तो म्हणाला, "वैनी तवा म्हायेरला गेलती. रुद्रेशच म्हनला, तिला राखंनं धाप लागती, ती येयाच्या आत उरकू, आनि सांगू नगो, न्हायतर राखच पायजे म्हनून बसंल." आई होती तोवर शेणीची राख वस्त्रगाळ करून जोंधळ्याला चोळायची. ती गेल्यावर तू चोळलीस आणि रात्रभर तुला श्वास घेता येईना, ते मला आठवतं. तुला पुन्हा तसं होऊ नये म्हणून त्यानं हे केलं.

मी बाळासोला झाकण काढून बघायला सांगितलं. थोड्या वेळानं फोनवर परत आला. "दुसरं पिंप संपत आलंय आक्का. आता हात खांद्यापातूर घालाय लागतोय. थांब, काडून दावतो." मी ओरडले. हात घालू नकोस, म्हणून एवढ्या जोरात ओरडले की लॅबमधले सगळे वळून बघायला लागले. मी आयुष्यात एवढ्यांदा ओरडले नव्हते. मग त्याला सगळं सांगितलं. त्याचा तो मोठा आवाज एकदम बारीक झाला. म्हणाला, "म्याच वतली की गं पावडर. त्यो पोतं धरून उभा हुता." त्याच दुपारच्या गाडीनं मी निघाले आणि तुम्हाला घेऊन आले.

आता तुला सगळं दिसलं असेल, तरी मी स्पष्ट लिहिते. पावडर दाण्याला चिकटून राहत नाही. रोज वरून जोंधळा काढताना दाणे हलतात आणि ती खाली खाली उतरते. पहिलं पिंप पंचमीच्या सुमाराला संपलं. त्या सोमवारी रुद्रेशनं खाल्ली ती तळाच्या जोंधळ्याची भाकरी. रोज तीच पावडर उघड्या हातांनी हाताळून त्याच्या अंगातलं एन्झाइम आधीच कमी झालेलं असणार, आणि सकाळी त्यानं गाडी उतरवली होती. बाकी काही उरलं नसेल. त्यानंतर तू दुसरं पिंप उघडलंस. वरचा जोंधळा बरा होता म्हणून गणपतीत, दसऱ्यात तुला काही झालं नाही. दिवाळीपासून त्रास सुरू झाला, कारण तळ जवळ आला. आत्तींना दात नाहीत, त्या भातावर. तेजस्वी दूधभात खाते. घरात जोंधळा खाणारी तू एकटी होतीस. परवा गाडीत तू मला कौतुकानं सांगत होतीस, पोरीला दाढा येतायत, परत गेलं की भाकरी कुस्करून द्यायला सुरुवात करते. मी खिडकीबाहेर बघत बसले, कारण तुझ्याकडे बघितलं असतं तर मला रडू आलं असतं.

रुद्रेशनं औषध घेतलं नाही, दानेश्वरी. तो तुझ्यावर रागावून गेला नाही. तो दुपारी भूक लागली म्हणून जेवला आणि संध्याकाळी गिऱ्हाईक येणार म्हणून दुकानात जाऊन बसला. त्याला मरायचं नव्हतं.

आणि हे वाचल्याबरोबर तुझ्या मनात काय आलं असेल ते मला माहीत आहे, कारण ते माझ्याही मनात आधी आलं. जोंधळा तू पाखडलास, तू दळून आणलास, भाकरी तू थापल्यास, तव्यावरून काढून तूच त्याच्या ताटात वाढल्यास. एक ओझं काढून मी तुझ्या डोक्यावर दुसरं ठेवते आहे की काय, ह्या भीतीनं मी हे दोन दिवस गप्प बसले. ह्यावर मी पुष्कळ विचार केला. मला मोठं काही सांगता येत नाही. मला एवढंच दिसतं की पावडर घातली ती तुझ्या छातीला त्रास नको म्हणून, आणि भाकरी केली ती त्याला भूक लागली म्हणून. ह्यात विष कुणी कुणाला दिलं, ते मी शोधून बघितलं. मला कुणी सापडलं नाही. तुझा उपास नसता तर तू त्याच्यानंतर त्याच परातीतली भाकरी घेऊन बसली असतीस, आणि तेजस्वीला आज कुणीच नसतं. आत्ती ज्या उपासाचा टोमणा मारतात तो मी रोज आठवते आणि हात जोडते.

जोंधळ्याच्या खोलीला बाळासोनं कुलूप लावलं आहे. दुकानही बंद ठेवलं आहे. तो जोंधळा गुरांना घालू नको, ओढ्यात टाकू नको, म्हणून त्याला दोनदोनदा बजावलं. नमुने माझ्या सरांनी मोठ्या यंत्रावर तपासायला घेतले आहेत आणि इथले डॉक्टर पोलिसांना लिहून देणार आहेत. आत्तींना बाळासोनंच सांगितलं. काल त्याचा फोन आला होता. म्हणाला, म्हातारी आधी समजली नाही. मग म्हणाली, "म्हंजे माज्या लेकरानं आपनहून जीव दिला न्हाय म्हनतोस?" न्हाय म्हटल्यावर पुन्हा विचारलं. सकाळपासून तेच विचारत होती. मग म्हणाली, "पोरीनं न्हाय न्हवं खाल्लं? आनि सुनंनं?" तुझ्याबद्दल त्यांनी इतक्या महिन्यांत पहिल्यांदा सरळ काही विचारलं. त्या वाईट नाहीत. आईच्या बरोबरीनं त्यांनीच त्याला वाढवला होता.

हे सगळं मी तुला चार वाक्यांत सांगू शकले असते. एवढं लांबवलं ते शेवटचं लिहायची हिंमत होत नव्हती म्हणून. दिवाळीनंतर तू मला गाडीवर सोडायला आलीस. गाडी सुरू झाली तेव्हा खिडकीशी येऊन तू विचारलंस, "आक्का, तेजस्वीला तू सांभाळशील न्हवं?" मी मान हलवली. मला वाटलं, शाळेसाठी तिला कोल्हापूरला ठेवायचं म्हणतेस. पोरगी अजून नीट चालत नाही, हे गाव मागे पडल्यावर माझ्या लक्षात आलं. तेव्हापासून लॅबमध्ये कुणी तुमचा फोन आहे म्हटलं की मी हातातलं टाकून धावते. जोंधळ्याची भीती मला नंतर वाटली. तुझी आधीपासून वाटते. त्या दिवशी दिलेलं उत्तर परत घ्यायला मी हे पत्र लिहिलं. नाही. तेजस्वीला मी सांभाळणार नाही. मला नुसतं गप्प बसता येतं, आणि तेवढ्यावर पोरगी वाढत नाही. तिला कानडीत रागवायला, तिच्यासाठी रिक्षावाल्याशी भांडायला तूच लागशील. आणि मलाही तू लागतेस. हे मी तोंडानं कधी बोलले नसते. उठलीस की मला हाक मार. रडलीस तरी चालेल, मला चार शिव्या दिल्यास तरी चालेल, पण एकटी बसू नकोस. भात टाकला आहे. तिघींपुरता.

तुझीच,
विद्याश्री आक्का